संत्र्याची साल, कायम जतन

सरकारी कागद कसे टिकवावेत हे मला एकोणीस वर्षांच्या नोकरीत चांगलं समजलं होतं. त्या ज्ञानाचा घरात उपयोग करायची चूक मी एकदाच केली.

छप्पन्नच्या ऑक्टोबरात आमचं खातं नागपूरहून भोपाळला हलणार असं ठरलं, आणि दप्तर पेट्यांत भरायचं काम माझ्याकडे आलं. नव्या मध्य प्रदेशात कोण जाणार आणि मुंबई राज्यात कोण राहणार याच्या याद्या रोज लागत आणि रोज बदलत. माझं नाव मात्र प्रत्येक यादीत भोपाळकडेच असे. माझ्याबद्दल खात्यात एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

बायकोचं, म्हणजे नलिनीचं, नाव कुठल्याच यादीत नव्हतं. ती नऊ वर्षं नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत होती. नवऱ्याची बदली झालेल्या शिक्षिकेचं काय करायचं, याचा विचार राज्यांची पुनर्रचना करणाऱ्यांनी केलेला नव्हता. तिने राजीनामा दिला, घरी येऊन पोळ्या केल्या, आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त विचारलं तेवढंच बोलू लागली.

माझ्या हुद्द्याला जेवढं सामान फुकट नेता येत होतं, त्यापेक्षा आमची एक पेटी जास्त भरली. ती नलिनीची शाळेची पेटी. तिच्यात केकचे साचे होते, मुंबईहून मागवलेली ब्राऊन शुगर आणि आयसिंग शुगर होती, बेकिंग पावडरचा डबा, मधाची बाटली आणि संत्र्याच्या सालीची बरणी होती. साल तिने स्वतः मुलींबरोबर जानेवारीत पाकात मुरवलेली. नागपुरात संत्री खाऊन साल फेकतात; हिने शाळेभर फिरून ती गोळा केली होती.

"ही पेटी राहिली तर मी राहिले," ती म्हणाली. न विचारता बोललेलं एवढंच वाक्य, म्हणून मी ते मनावर घेतलं.

दप्तराच्या वॅगनमध्ये जागा होती. मी पेटी तिथे चढवली. कोणी विचारू नये म्हणून वर चिठ्ठी लावली: 'जमीन बंदोबस्त, वर्धा जिल्हा. अ वर्ग. कायम जतन.' क वर्गाचे कागद तीन वर्षांनी जाळतात. ब वर्गाचे उंदीर खातात. अ वर्गाला मात्र लाखेची मोहोर लागते आणि पेटीत डांबराच्या गोळ्या पडतात. शिवाय उपसचिवांच्या समोर असल्याशिवाय कोणी ती उघडू शकत नाही. हा नियम इतका पक्का होता याचं कारण त्याचा मसुदा मीच केला होता.

भोपाळला पोचल्यावर आठ दिवसांत पेटी गुपचूप काढून घ्यायची असा माझा बेत होता. दप्तर एका जुन्या महालाच्या तळघरात गेलं, किल्ली साहेबांकडे गेली आणि साहेब दौऱ्यावर गेले. मग थंडी आली. मग निवडणुका आल्या. मग उन्हाळा आला. नलिनी दर रविवारी विचारायची, "पेटी?" आणि मी म्हणायचो, "प्रक्रियेत आहे."

मेच्या अखेरीस एका सरकारी कन्याशाळेची जाहिरात निघाली. गृहविज्ञान शिक्षिका, जागा एक. मुलाखत नाही, प्रात्यक्षिक: १८ जून, सकाळी आठ. उमेदवाराने फ्रूट केक करून दाखवायचा. खाली साहित्याची यादी, त्यात ब्राऊन शुगर, आयसिंग शुगर, बेकिंग पावडर, मध, सुकामेवा, साखरेतली फळांची साल. त्याखाली: 'साहित्य उमेदवाराने स्वतः आणावे. एकही जिन्नस कमी असल्यास उमेदवार अपात्र.' ही यादी कुठल्या साहेबी काळात कोणी केली होती देव जाणे, पण तिच्यावर नव्या राज्याचा शिक्का होता.

नलिनीने जाहिरात तीनदा वाचली. मग म्हणाली, "वर्षभरात एवढी एकच जागा आहे."

"मग काय, सगळं साहित्य आहेच आपल्याकडे," मी म्हणालो.

"कुठे?"

मी काही बोललो नाही. मी बोलत नाही तेव्हा तिला उत्तर मिळतं.

आम्ही आधी बाजार पाहिला. चौकातल्या दुकानदाराने यादी हातात धरून मान हलवली. "पहले सब रखते थे बहनजी. जो खाते थे, वो ही नहीं रहे. बंबई से मँगा दूँ? महीना लगेगा." किसमिस आणि काजू त्याने दिले. बाकीच्याबद्दल खेद दिला.

मग मी उपसचिवांकडे गेलो. नीळकंठराव नागपूरचेच, माझ्यासारखेच सगळ्या याद्यांत भोपाळकडे निघालेले.

"वर्ध्याच्या बंदोबस्ताची पेटी उघडायची? कोणता कागद हवाय?"

"संकीर्ण आहेत, साहेब."

"अहो देवपुजारी, वर्धा आता आपल्यात आहे का? वर्धा मुंबई राज्यात गेला. त्या सगळ्या पेट्या नागपूरला परत जायच्यात. सोमवारी वॅगन आहे." त्यांनी माझ्याकडे बारकाईने पाहिलं. "त्यात काही राहिलंय का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. एकोणीस वर्षांची नोकरी अशा वेळी आपोआप बोलते.

तो दिवस शुक्रवार, १४ जून. मंगळवारी प्रात्यक्षिक, सोमवारी वॅगन, आणि मधे माझीच लाख.

सुटका आली ती तळघरातून. दप्तरखाना सांभाळायला रफअत मियाँ होते, जुन्या संस्थानापासूनचे. त्या संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"को खाँ, नरहर बाबू, ये वर्धा में क्या पैदा होता है?"

"कपास. क्यों?"

"कपास में तो चींटी नईं लगती. आपकी एक पेटी पे तीन दिन से ऐसी लाइन लगी है जैसे कंट्रोल का गल्ला बँट रिया हो. अपन ने चालीस बरस में ऐसी मीठी फाइल नईं देखी."

मधाची बाटली गळली होती. मी जिन्यातच बसलो आणि त्यांना खरं सांगितलं. रफअत मियाँनी सगळं ऐकून घेतलं, हसू आवरायला चष्मा पुसला आणि म्हणाले, "अमाँ, तो इसमें क्या है! कीड़ा लगा रिकार्ड धूप में डाल सकते हैं, साहब की ज़रूरत नईं. क़ायदा है. आप ही ने तो लिखा है." लिहिलं होतं खरं. पोटनियम चार. माझ्या हातून नोकरीत झालेलं एवढं एकच शहाणपण.

शनिवारी दुपारी वर्धा जिल्हा टांग्यातून आमच्या क्वार्टरवर उन्हात पडायला आला.

नलिनीने पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास असा बाहेर आला की शेजारचे गोपीनाथराव दारात येऊन उभे राहिले. हे अकोल्याचे, आमच्याच खात्यात, आणि ज्या कामातलं काही कळत नाही त्यात सर्वांआधी हजर.

"कोणाचं लग्न झालं काय वहिनी? शालू काढलेत?"

नलिनी एकेक डबा बाहेर काढून टेबलावर ठेवत होती. ब्राऊन शुगरचा डबा तिने उलटा केला. काही पडलं नाही. तळावर थाप मारली. मग डब्याच्या आकाराचा एक तपकिरी दगड टेबलावर असा आदळला की टेबल हललं. आयसिंग शुगरची खडूची वीट झाली होती. मध अर्धा मुंग्यांनी नेला होता आणि अर्धा बाटलीच्या तळाशी तुपासारखा थिजला होता. बेकिंग पावडर डब्यात सुटी खुळखुळत होती, पण वाळूच्या खड्यांसारखी. शेवटी तिने सालीची बरणी उघडून एक पट्टी बाहेर काढली. पट्टी बशीत टाकली तेव्हा टण् असा आवाज झाला.

"ही खाण्याची वस्तू आहे?" गोपीनाथरावांनी विचारलं.

"होती," नलिनी म्हणाली. त्या एका शब्दाने तिने माझ्याकडे पाहिलं, आणि माझी उरलेली सगळी नोकरी मला लांबट वाटू लागली.

"हातोडा आणू का?" गोपीनाथराव म्हणाले आणि उत्तर यायच्या आत घेऊन आले. पहिल्या घावात साखरेचा एक तुकडा उडून भिंतीवरच्या दिनदर्शिकेला लागला. दुसऱ्या घावात हातोड्याचा दांडा निसटला.

"भाऊजी, तुम्ही बसा," नलिनी म्हणाली.

"बाप्पा! सिमेंट झालं हे. आपल्या क्वार्टरांना हेच लावायला पाहिजे होतं."

"बसा."

ते बसले. नलिनीने मला बेकरीतून डबलरोटी आणायला पाठवलं. परत आलो तेव्हा तिने साखरेचा दगड मोठ्या पातेल्यात ठेवला होता. डबलरोटीचे दोन जाड काप तिने त्याच्यावर ठेवले, ओलं फडकं पिळून पातेल्याच्या तोंडावर ताणलं, वर झाकण घातलं.

"ही साखर ओलाव्याने मऊ असते," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, वर्गातल्यासारखी. "ओलावा गेला की दगड. परत दिला की सुटते. घाई केली तर पाक होतो. उद्यापर्यंत कोणी झाकण उघडायचं नाही."

मला काही काम नव्हतं. रिकामा कारकून घरात फार धोक्याचा असतो. ती सालीकडे वळली तेव्हा मी विचार केला की आयसिंग शुगरचं काम आपण उरकून टाकावं, म्हणजे निदान काहीतरी आपल्या हातून सुधारल्यासारखं होईल. दोन्ही साखरा. दोघी एकाच पेटीत, एकाच कारणाने वाळलेल्या. एका प्रकरणात जो निर्णय झाला तो दुसऱ्यालाही लागू. मी दुसरं फडकं भिजवलं, विटेच्या अर्ध्या भागाभोवती गुंडाळलं, वर झाकण ठेवलं. अर्ध्याच भागाला, कारण उरलेली अर्धी अजून डब्यातून निघाली नव्हती.

तासाभराने नलिनीने झाकण उचललं.

"हे कोणी केलं?"

गोपीनाथराव लगेच म्हणाले, "मी बसलोय."

फडक्यात एक पांढरा चिखल होता, आणि कडेने तो वाळून भिंतीच्या गिलाव्यासारखा घट्ट व्हायला लागला होता.

"अहो, ही पिठी असते!" ती म्हणाली. "हिला पाणी लागलं की संपलं. हिला नुसती कुटायची आणि चाळायची! आठ महिने कुलपात ठेवलंत ते ठेवलंत, आता बाहेर काढल्यावर तरी माझ्या वस्तूंना हात लावू नका. तुम्ही जपता ना, त्याचीच भीती वाटते मला!"

गोपीनाथराव उठले. "मी येतो वहिनी," असं म्हणून खरोखरच गेले. हा माणूस स्वतःहून घरी गेला असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी खुर्चीत बसून राहिलो. ती खरं बोलली होती आणि मंगळवार तीन दिवसांवर होता.

तिने उरलेली अर्धी वीट खलबत्त्यात घातली आणि कुटायला लागली. एकेक चमचाभर, मलमलीतून चाळून. मलमलीत उरलेले कण परत खलात. उन्हाने खोली तापली होती, तिच्या कपाळावरचा घाम साखरेत पडू नये म्हणून ती दर पाच मिनिटांनी थांबून पदराने तोंड पुसत होती. संध्याकाळपर्यंत एक वाटी पिठी झाली. यादीत दीड वाटी लिहिलं होतं.

"पुरेल?" मी विचारलं.

"यादीत वजन बघतात की नाव बघतात?"

"नाव," मी म्हणालो. याबाबत माझा अधिकार होता. "वजन बघायला तराजू लागतो. तराजू मागवावा लागतो."

ती पहिल्यांदा किंचित हसली, पण मला न दाखवता.

रविवारी सकाळी पातेलं उघडलं. साखर सुटली होती. पूर्ण नाही, आत मुठीएवढा खडा तसाच होता, पण बाहेरची साखर ओलसर वाळूसारखी बोटांत चुरत होती. तिने ती काढून घेतली आणि खडा परत झाकला. बेकिंग पावडरचा चमचा तिने गरम पाण्यात टाकला. दोघंही बघत राहिलो. एक बुडबुडासुद्धा आला नाही.

"मेली," ती म्हणाली.

"काही करता येत नाही?"

"हिला नाही. हिच्यात वाळलेलं काही नाही, सर्द हवेनेच हिचा जीव गेलाय. खायचा सोडा आणि लिंबू वापरेन. पण डबा न्यावा लागेल."

यादीत पावडर असावी असं होतं. ती फुगावी असं नव्हतं.

सालीला सबंध दिवस लागला. तिने साखरेचं पातळ पाणी शेगडीवर ठेवलं, निखारे अर्धे काढून घेतले आणि पट्ट्या त्यात सोडल्या. उकळी येऊ द्यायची नाही, थंड होऊ द्यायचं नाही. मधाची बाटली तिने शेजारी कोमट पाण्यात उभी केली. दर थोड्या वेळाने ती एक पट्टी काढून वाकवून बघे, ती मोडे, आणि नलिनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून मोडलेले तुकडे परत टाके. पहिल्या पाण्याला डांबराचा वास आला. तिने ते फेकलं. दुसऱ्यालाही आला. फेकलं. तिसरं पाणी ठेवलं तेव्हा घरातली साखर संपली आणि मी काही न बोलता गोपीनाथरावांकडून वाटीभर घेऊन आलो.

दुपारी तीनच्या सुमाराला तिने एक पट्टी बोटावर गुंडाळली. ती मोडली नाही. तिने ती उजेडाकडे धरली. साल पार कडेपर्यंत नारिंगी आणि आरपार दिसणारी झाली होती.

"खाऊन बघा," ती म्हणाली.

मी खाल्ली. संत्र्याची चव होती. अगदी शेवटी, गिळताना, कपाटाची जराशी.

"वास येतो?"

"नाही," मी म्हणालो.

"खरं सांगा."

"किंचित. शोधला तर."

तिने पट्ट्या चौथ्या पाण्यात टाकल्या.

सोमवारी वर्ध्याची वॅगन गेली तेव्हा ही पेटी कागदोपत्री अजून उन्हातच होती. मंगळवारी मी किरकोळ रजा काढली आणि शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. आत तिघी उमेदवार होत्या. पुढचं सगळं मला नलिनीनेच टांग्यात सांगितलं.

यादी तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक जिन्नस नुसता वाचून खूण केली. डबा उघडून पाहिला नाही. बाकी दोघींकडे मुंबईहून आलेलं ताजं सामान होतं. एकीचे दीर तिकडे नोकरीला. त्यांचे केक वर आले, छान गोल. नलिनीचा मधे जरा बसला, आणि कोळशाच्या भट्टीने एका बाजूला काळा केला. आयसिंग अर्ध्याच केकवर पुरली, म्हणून तिने ती जाळीसारखी काढली आणि ती मुद्दामच तशी काढली असं वाटेल असा चेहरा केला.

मुख्याध्यापिका, सगळ्या ज्यांना बड़ी बहनजी म्हणत, त्या उत्तरेकडच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या थोराड बाई होत्या. त्यांनी तिन्ही केक चाखले. नलिनीच्या केकशी थांबल्या.

"ये छिलका कहाँ का है?"

"नागपुर का. मैंने ही बनाया था."

"कब?"

नलिनीला खोटं बोलायचं होतं, असं ती म्हणाली. पण दोन दिवसांच्या कामानंतर तिला त्याचा कंटाळा आला. "पिछले साल जनवरी में. आठ महीने सरकारी रिकार्ड में बंद रहा. पत्थर हो गया था. ये शक्कर भी. इस शनिवार को निकाला."

दुसऱ्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बड़ी बहनजींनी दुसरा तुकडा खाल्ला. मग म्हणाल्या, "आप मेरे साथ आइए."

त्यांनी तिला स्वयंपाकाच्या वर्गामागच्या कोठारात नेलं आणि एक भलं मोठं लोखंडी कपाट उघडलं. तीन फळ्या भरून डबे. ब्राऊन शुगर, आयसिंग शुगर, कस्टर्ड, मनुका, बेदाणे, खजूर. कोणत्या तरी समारंभासाठी संस्थानाच्या काळात मागवलेले, समारंभ झाला नाही. राज्य विलीन झालं, मग बदललं, मग परत बदललं. कपाट एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं.

"जब तक ये ख़त्म नहीं होगा, नया सामान नहीं मिलेगा," बड़ी बहनजी म्हणाल्या. "और फेंकने की इजाज़त मुझे सात साल से नहीं मिल रही. केक तो ये दोनों भी बना लेंगी. ये कौन तोड़ेगा?"

नलिनीने सगळ्यात वरचा डबा उचलून हलवला. त्यात काही हललं नाही.

"ये वाला नहीं बचेगा," ती म्हणाली. "बेकिंग पाउडर है. ये मरी हुई है. बाक़ी देख लूँगी. लेकिन मरी हुई चीज़ मैं बच्चियों को नहीं दूँगी, चाहे इजाज़त हो या न हो."

"लिखकर दीजिए कि मरी हुई है," बड़ी बहनजी म्हणाल्या.

टांग्यात हे सांगताना नलिनीचा आवाज चढला. "कळलं का तुम्हाला? मला केकसाठी नाही घेत! नऊ वर्षं शिकवलं मी, पेस्ट्री येते मला, पफ येतो, कोणी विचारलंसुद्धा नाही! दगड फोडायला ठेवून घेतायत!"

"पण घेतायत ना?"

तिने पदर घट्ट खोचला. मग म्हणाली, "एक तारखेपासून."

मी अभिनंदन केलं नाही. त्या वेळी तेवढं मला कळलं होतं.

एक जुलैला ती सकाळी साडेसहाला गेली आणि दुपारी दोनला परत आली. पदरावर, केसांवर, भुवयांवर पांढरी पूड. तिने चप्पल काढली, पंख्याखाली बसली आणि तळहात बघत राहिली. उजव्या तळहाताला फोड आला होता.

"पहिल्या दिवशी काय शिकवलंस?"

"कुटायला आणि चाळायला. बत्तीस मुली, सहा खलबत्ते."

"मुली काय म्हणाल्या?"

"एक उठून म्हणाली, बहनजी, इसका बनेगा क्या?"

"मग?"

"म्हटलं, पहले टूटने तो दो." तिने हात खाली ठेवला. "उद्या तिच्याकडेच मोठा बत्ता देणार आहे. मुलगी तब्येतीने चांगली आहे. आणि तुम्ही शनिवारी येऊ नका हं शाळेत मदतीला. मी बड़ी बहनजींना आधीच सांगून ठेवलंय."